खानदेशातून दूरचे, फिकट गोलाकार तारकागुच्छ : आठ-दहा इंची दुर्बिणीतून काय काय दिसतं?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. आकाशदर्शनाचे धागे इथे बरेच आहेत. बहुतेक शनीची कडी, मृगातला तेजोमेघ, फार तर शौरीतला एम १३ इथवर येऊन थांबतात. हा धागा त्यापुढचा आहे. आपल्या आकाशगंगेच्या पार कडेला असलेले, दुर्बिणीतही जेमतेम जाणवणारे गोलाकार तारकागुच्छ (हजारो-लाखो ताऱ्यांचे गोल घोळके) आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यातून कसे बघायचे, एवढाच विषय. माझ्याकडे दहा इंची डॉब्सोनियन (साध्या पायावर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण, थोडक्यात डॉब) आहे, नाभीय अंतर १२५० मिमी. मोटर नाही, गो-टू (वस्तू आपोआप शोधून देणारी सोय) नाही. २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस, एक दुप्पट बार्लो (विशालन वाढवणारं भिंग).

आधी थोडी पार्श्वभूमी. आकाशगंगेभोवती दीडशेहून जास्त गोलाकार गुच्छ माहीत आहेत. बहुतेक धनु-वृश्चिकाच्या बाजूला गर्दी करून आहेत. हार्लो शॅप्ली यांनी १९१८ च्या सुमारास या गुच्छांची अंतरं काढली आणि ही गर्दी ज्या बिंदूभोवती आहे तेच आकाशगंगेचं केंद्र, सूर्य केंद्रापासून बराच लांब आहे, असं मांडलं. पृथ्वी मध्यावर नाही हे कोपर्निकसने सांगितलं होतंच; सूर्यही मध्यावर नाही हे या गुच्छांनी सांगितलं. मला या विषयाची गोडी लागली ती इथूनच.

एम १३ आपल्यापासून साधारण २२ ते २५ हजार प्रकाशवर्षांवर. काही गुच्छ मात्र लाखांच्या हिशेबात आहेत. त्यातला सगळ्यात सोपा म्हणजे एनजीसी २४१९ (एम काय, एनजीसी काय, या आकाशातल्या वस्तूंच्या याद्या; पुढचा आकडा यादीतला क्रमांक). पुनर्वसूच्या जोडीतला कॅस्टर घ्या आणि सरळ उत्तरेला सात अंश जा. अंतर पावणेतीन ते तीन लाख प्रकाशवर्षे, म्हणजे मॅगेलनच्या दोन्ही ढगांच्याही पलीकडे. विल्यम हर्शेलने तो १७८८ च्या ३१ डिसेंबरला शोधला. प्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकट) १०.४ च्या आसपास. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत तो मध्यमंडलावर ७२ अंश उंच जातो, त्यामुळे क्षितिजावरच्या धुळीचा त्रास नाही.

दिसतो कसा, ते सांगतो. ५० पट विशालनात आधी सात-आठ प्रतीचे दोन तारे एका रेषेत सापडतात. त्याच रेषेत पूर्वेकडे पुढे तिसरा 'तारा' असावा असं वाटतं, पण तो ठिपका टोकदार होत नाही. १२५ पटीला गेलं की पाटीवरचा खडूचा ठिपका ओल्या फडक्याने पुसल्यावर राहतो तसा गोल डाग, मध्याकडे थोडा उजळ. सुटा तारा एकही दिसत नाही आणि दिसणारही नाही. त्यातले सगळ्यात तेजस्वी तारे सतराव्या प्रतीच्याही खालचे आहेत. एम १३ मधले वरचे तारे बाराव्या प्रतीच्या आसपास असतात म्हणून तो आठ इंचीत 'फुटतो'; हा फुटत नाही. डाग बघायचा आणि तो किती लांबून येतोय हे मनात ठेवायचं. हा प्रकाश निघाला तेव्हा आपली माणसाची जात आफ्रिकेत नुकती आकार घेत होती.

प्रत किती यावर मात्र फार विसंबू नका. नवीन माणूस इथेच फसतो. कॅटलॉगमधली प्रत म्हणजे गुच्छाचा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर तो किती तेजस्वी दिसेल, एवढंच. प्रत्यक्षात तो प्रकाश पसरलेला असतो. पालोमार ५ ची प्रत ११.८ च्या आसपास लिहिलेली असते, एनजीसी २४१९ पेक्षा सव्वा-दीड प्रतच फिकट. कागदावर वाटतं की जमेल. पण तो प्रकाश बऱ्याच मोठ्या वर्तुळात विरलाय आणि मध्यावर दाटपणा जवळपास नाहीच. आकाश काळंभोर नसेल तर काहीही दिसत नाही. माझ्या वहीत पालोमार ५ समोर अजून 'पक्का' लिहिलेलं नाही.

यातले कोणी काय काय बघितलंय, कुठून, कितीच्या दुर्बिणीतून? आणि मुख्य म्हणजे, दिसला हे तुम्ही कसं ठरवता?

केळीबाग

भारी शे भाऊ! वाचतोय.

सातमाळा

उत्तम विषय. मी चाळीसगावकडचा. आठ इंची, एफ ६. एनजीसी २४१९ माझ्याकडूनही झालाय. एनजीसी ७००६ मात्र सापडतच नाही. धनिष्ठेच्या चौकोनापर्यंत पोचतो आणि पुढे चुकतो. त्या भागात फाइंडरमध्ये खुणेचा एकही ठळक तारा नाही.

तापीकाठ

@सातमाळा, त्याला तारे शोधत जाण्याची गरजच नाही दादा. ७००६ ला फार सुंदर सोय आहे. धनिष्ठेतला गॅमा हा तारा (तो जोडतारा आहे, आधी दोन्ही तारे वेगळे बघून घ्या) आणि एनजीसी ७००६ यांची क्रांती (आकाशातलं उत्तर-दक्षिण स्थान) जवळपास सारखी आहे, फरक जेमतेम चार कलांचा (साठ कलांचा एक अंश). विषुवांशातला, म्हणजे पूर्व-पश्चिम स्थानातला, फरक १४ मिनिटं ५० सेकंद. म्हणजे गॅमा तारा २५ मिमीच्या आयपीसमध्ये बरोबर मध्यावर आणायचा, दुर्बिणीला हात लावायचा नाही आणि घड्याळ लावायचं. पृथ्वी फिरते, आकाश सरकतं. सुमारे पंधरा मिनिटांनी ७००६ आपणहून मध्यावर येतो. ५० पटीच्या साधारण एक अंशाच्या दृश्यक्षेत्रात तो तेराव्या मिनिटाच्या आसपास कडेवर शिरतो आणि सतराव्याच्या आसपास बाहेर पडतो.

दोन गोष्टी सांभाळा. एक, डॉबचा पाया सपाट जमिनीवर असू द्या, शेतातल्या भुसभुशीत मातीत तो खचतो आणि सगळा हिशेब चुकतो. खाली फळी टाका. दोन, ती पंधरा मिनिटं डोळे मिटून बसा किंवा डोक्यावर काळं कापड घ्या. अंधार डोळ्यात मुरायला तेवढा वेळ तसाही लागतोच.

दिसला की लगेच १० मिमी लावा. ५० पटीला तो फिस्कटलेल्या ताऱ्यासारखा वाटतो. १२०-१२५ ला गोल होतो. अंतर सुमारे १ लाख ३५ हजार प्रकाशवर्षे.

सातमाळा

ही युक्ती कुठे वाचली नव्हती. डॉबवाल्यांना मोटर नाही म्हणून सगळे हळहळतात, इथे मोटर नसणंच कामी येतंय. ऑक्टोबरात पाऊस सरला की पहिलं हेच.

मास्तरीणबाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पारोळा तालुक्यात. शाळेला सहा इंची दुर्बीण मिळाली आहे. हा धागा वाचून उत्साह वाटला, पण प्रश्न असा की सातवी-आठवीच्या मुलांना यातलं काय दाखवता येईल? पुसट डाग बघून त्यांचा विरस व्हायला नको.

निरभ्र

ताई, मुलांना एनजीसी २४१९ वगैरे अजिबात नको. मुलांसाठी आपल्याकडे ओमेगा सेंटॉरी आहे ना! नरतुरंगातला. युरोपातल्या लोकांना तो बघायला विमानाचं तिकीट काढावं लागतं. आपण २१ अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे तो आपल्या दक्षिण क्षितिजावर २१ अंशांहून थोडा वर येतो. मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास बरोबर दक्षिणेला असतो. अंधाऱ्या गावातून नुसत्या डोळ्यांनाही पुसट तारा म्हणून दिसतो. सहा इंचीत ५०-६० पटीला ठेवा. मुलं स्वतःच सांगतील की कडेला दाणे दिसतायत. शाळेला सुट्टी असते तेव्हा, एवढीच अडचण; पण उन्हाळ्यात अंगणात झोपायची सवय अजून गावागावांत आहे, त्यामुळे पोरं जमतात.

'४७ टुकाने' हा दक्षिणेकडचा दुसरा तेजस्वी गुच्छ कोणी विचारला तर मात्र सांगा की तो आपल्याकडून उगवतच नाही. क्रांती उणे ७२. त्यासाठी पार दक्षिणेला, कन्याकुमारीकडे जायला हवं.

तापीकाठ

+१. आणि ताई, मोठ्या मुलांना एम ५४ दाखवा. धनु राशीत आहे, साडेसातच्या आसपास प्रत, सहा इंचीत सहज दिसतो. दिसायला साधाच, पण गोष्ट मोठी. एम यादी करणाऱ्या मेस्येने तो १७७८ मध्ये नोंदवला आणि दोनशे वर्षं सगळे त्याला आपल्याच आकाशगंगेचा गुच्छ समजत होते. १९९४ मध्ये धनु राशीच्या मागे एक बटू (लहान) दीर्घिका सापडली, जी आपली आकाशगंगा हळूहळू गिळते आहे, आणि एम ५४ नेमका त्या दीर्घिकेच्या गाभ्यात निघाला. अंतर सुमारे ८७ हजार प्रकाशवर्षे. म्हणजे सहा इंची दुर्बिणीतून मुलं दुसऱ्या दीर्घिकेतला गुच्छ बघतात. हे त्यांना सांगून मग आयपीसला डोळा लावायला द्या, विरस होणार नाही.

अडचण पावसाळ्याची. धनु राशी संध्याकाळी दक्षिणेला सर्वात उंच येते तेव्हा जुलै-ऑगस्ट असतो, आणि आपल्याकडे ढग. म्हणून एप्रिल-मेत पहाटे किंवा ऑक्टोबरात अंधार पडल्या पडल्या गाठायची.

मास्तरीणबाई

मनापासून आभार. ऑक्टोबरात सहामाहीच्या आधी एक रात्र ठरवते. मुलांच्या हातून चित्रंही काढून घेईन.

केळीबाग

एक शंका. मी रावेर तालुक्यात, घर शेतातच. अंधार भरपूर. पण डिसेंबर-जानेवारीत तारे कमी वाटतात, ऑक्टोबरपेक्षा. उलट थंडीत आकाश स्वच्छ असायला हवं ना?

तापीकाठ

@केळीबाग, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या बागेतच आहे. कडाक्याची थंडी पडली की केळीला थंडीचा फटका बसू नये म्हणून रात्री बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात. पीक वाचवायचं तर ते करावंच लागतं. पण थंडीत हवा तळाशी साचते, तापीच्या खोऱ्यात तो धूर आणि शेतातला ओलावा वर न जाता पसरून राहतो. तुम्हाला धूर दिसत नाही, पण फिकट गोष्टींवर पडदा येतो. मृग, रोहिणी झगझगीत दिसतात म्हणून आपल्याला आकाश चांगलं वाटतं.

माझा हिशेब असा. पारदर्शकतेला सगळ्यात चांगला काळ पाऊस गेल्यानंतरचे पाच-सहा आठवडे. पण आश्विनातली अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन, तेव्हा फटाक्यांचा धूर. म्हणून कार्तिक अमावास्या खरी. त्यानंतर डिसेंबर-जानेवारीत खोरं सोडून वर चढायचं, सातपुड्यात. फेब्रुवारी पुन्हा बरा. एप्रिल-मेत धूळ. दिवसा ४४-४५ अंश तापलेली जमीन रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असते, आरसाही तापलेला. दुर्बीण सूर्यास्तालाच बाहेर काढून ठेवली तरी मध्यरात्रीपर्यंत प्रतिमा उकळल्यासारखी हलते. फिकट, पसरट वस्तूंना त्या हलण्याने तितका फरक पडत नाही, पण धुळीने पडतो.

आणखी एक. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला की दुसऱ्या रात्री हवा धुतल्यासारखी निघते. शेतकऱ्याचं नुकसान झालेलं असतं, त्यामुळे त्या रात्री दुर्बीण घेऊन कोणाच्या बांधावर जाताना मन कचरतं. मी अशा वेळी घराच्या गच्चीवरूनच बघतो.

केळीबाग

बरोबर, धूर करतोच आम्ही. अजून एक सांगतो, शेतीची लाइन रात्रीच्या पाळीत असते त्या आठवड्यात पंपाच्या खोलीवरचे दिवे सगळीकडे चालू असतात. दिवसाची पाळी असली की शिवार पूर्ण अंधारात. आमच्याकडे यायचं असेल तर आधी पाळी विचारून या. माझ्या बांधावरचा दिवा मी बंद करतो, काळजी नको.

निरभ्र

केळीबाग दादा, दिलदार माणूस! ही माहिती कुठल्याही अॅपमध्ये नाही.

वाचनमात्र

जागांबद्दल कोणी सविस्तर लिहील का? तोरणमाळ, पाल, पाटणादेवी, लळिंग अशी नावं ऐकतो.

सातमाळा

माझ्या बाजूचं लिहितो. पाटणादेवीला भावनिक ओढ आहे, ती लपवत नाही. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचं लिहिलंय, साल इसवी १२०७. ज्या डोंगराखाली सिद्धान्तशिरोमणी शिकवला गेला तिथे उभं राहून आकाश बघणं मला वेगळं वाटतं. पण निरीक्षणाच्या दृष्टीने खरं सांगायचं तर दक्षिणेला डोंगराची भिंत उभी आहे. ओमेगा सेंटॉरी, फोर्नॅक्स तारकासमूह वगैरे दक्षिणेकडचं तिथून विसरा. उत्तरेला चाळीसगावचा उजेड. माथ्यावरच्या वस्तूंसाठी ठीक. शिवाय तो अभयारण्याचा भाग, रात्री थांबायला वनखात्याची परवानगी लागते, आणि बिबट्याचा वावर आहे. एकट्याने जाऊ नका.

निरभ्र

मी नंदुरबारचा, बारा इंची. तोरणमाळ आपल्या भागातलं सगळ्यात चांगलं आकाश, यात वाद नाही. साडेतीन हजार फुटांहून वर, खोऱ्यातली धूळ-धूर खाली राहतो. दक्षिणेला शहादा-प्रकाशाकडचा उजेड क्षितिजावर दिसतो, पण उत्तरेला नर्मदेच्या बाजूला मिट्ट काळोख. यशवंत तलावाच्या काठी मात्र दुर्बीण लावू नका, दव इतकं पडतं की दुय्यम आरसा तासाभरात आंधळा होतो. तलावापासून लांब, थोड्या उंचावर लावा.

पालला मी एकदाच गेलोय, आकाश छान, झाडीमुळे क्षितिज मिळत नाही. साक्रीकडे पठारं उत्तम आहेत पण पवनचक्क्यांच्या डोक्यावरचे लाल दिवे लुकलुकत राहतात. लाल असले तरी सतत डोळ्याच्या कोपऱ्यात येतात आणि एकाग्रता मोडते. लळिंग महामार्गाला आणि धुळ्याला खूप जवळ, मुलांना चंद्र दाखवायला चालेल.

@तापीकाठ, पालोमार ५ मी तोरणमाळहून बघितलाय. एप्रिल अखेर, पहाटे एकच्या पुढे. एम ५ पासून दक्षिणेला सव्वादोन अंश आणि किंचित पश्चिमेला. वाटेत ४ सर्पेन्टिस लागतो, साडेपाच प्रतीचा, तो गुच्छाच्या उत्तरेला अर्ध्या अंशावर आहे. त्याला दृश्यक्षेत्राबाहेर ठेवणं फार महत्त्वाचं, नाहीतर त्याचा उजेड सगळं खातो. आणि इथे जास्त विशालन उपयोगी नाही. मी ७५ पटीला बघितला. १५० ला गायब.

तापीकाठ

@निरभ्र, अभिनंदन! मनापासून. पण आता माझा मूळ प्रश्न तुम्हालाच. बघितला हे कशावरून? शंका म्हणून नाही, मला पद्धत शिकायची आहे.

निरभ्र

विचारायलाच हवं. नकाशावर जागा माहीत असली की डोळा तिथे धूसरपणा तयार करतो, हे प्रत्येकाच्या बाबतीत होतं. म्हणून मी असं करतो.

आधी तिरकी नजर. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी नाहीत, त्या कडेला दाट आहेत. म्हणून वस्तूकडे सरळ न बघता थोडं बाजूला बघायचं. कुठल्या बाजूला, हे फारसं कोणी सांगत नाही. उजव्या डोळ्याने बघत असाल तर नजर वस्तूच्या उजवीकडे, म्हणजे कानाच्या बाजूला ठेवायची. वस्तू नाकाच्या बाजूला पडते. उलट केलं तर ती डोळ्याच्या आंधळ्या बिंदूत जाऊ शकते आणि असलेलीही दिसत नाही. डाव्या डोळ्याला याच्या उलट.

मग नळीला बोटाने हलकी टिचकी. स्थिर फिकट डाग मेंदू पुसून टाकतो, हलला की जाणवतो. टिचकीबरोबर डाग ताऱ्यांसोबतच हलला पाहिजे. तो आयपीसमध्ये एकाच जागी राहिला तर तो आयपीसवरचा डाग किंवा डोळ्याचा खेळ.

त्यानंतर दुर्बीण एक-दीड अंश बाजूला नेतो. तशाच ताऱ्यांच्या, पण जिथे काहीच नाही अशा जागी तितकाच वेळ बघतो. तिथेही 'काहीतरी' जाणवलं तर आधीचं बाद.

शेवटी चित्र. नकाशात फक्त दृश्यक्षेत्र ठरवण्यापुरते तारे घेतो, गुच्छाची नेमकी जागा छापलेला नकाशा गाडीत ठेवतो. जाणवलेली जागा वहीत शेजारच्या ताऱ्यांच्या संदर्भाने काढतो, मग नकाशा आणून जुळवतो. तोरणमाळला आम्ही दोघे होतो, दोघांनी एकमेकांना न दाखवता चित्रं काढली, दोन्हीत डाग एका फिकट ताऱ्याच्या त्याच बाजूला होता. म्हणून 'पक्का' लिहिलं.

पेठेतला

पुण्याहून लिहितोय. एक वेगळं मत मांडू का? आता स्मार्ट दुर्बिणी आल्या आहेत, फोनवरून चालतात. शहराच्या गच्चीवरून अर्ध्या तासाच्या छायाचित्रणात पालोमार ५ चे सुटे तारे मिळतात. मग डोळ्याला इतका ताण देऊन 'आहे की नाही' असा डाग बघण्यात काय साधतं? शास्त्रीय उपयोग तर नाहीच.

निरभ्र

शास्त्रीय उपयोग नाही, मान्य. पण फोनच्या पडद्यावर दिसतं ते चित्र. आयपीसमध्ये एनजीसी २४१९ चा पावणेतीन लाख वर्षं चाललेला प्रकाशकण स्वतः माझ्या डोळ्याच्या पडद्यावर येऊन थांबतो. माझ्यासाठी तो फरक पुरेसा आहे.

तापीकाठ

@पेठेतला, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. उलट निरभ्र म्हणतात त्या जुळवणीसाठी छायाचित्र उत्तम, फक्त आधी बघून चित्र काढायचं आणि मग फोटो उघडायचा.

पण बघण्यातून एक गोष्ट कळते ती फोटोत कळत नाही. पालोमार नावाचे पंधरा गुच्छ आहेत, त्यातले बहुतेक १९५० च्या दशकात पालोमार वेधशाळेच्या मोठ्या श्मिट कॅमेऱ्याच्या काचेवर सापडले. पण पालोमार ९ म्हणजे हर्शेलने १७८४ मध्येच नोंदवलेला एनजीसी ६७१७. म्हणजे धातूच्या आरशातून, डोळ्याने, एक माणूस तिथवर पोचला होता. आपण पालोमार ५ शी झगडतो तेव्हा हर्शेलला काय जमलं आणि काय जमणं शक्य नव्हतं, ते समजतं.

आणि पालोमार ५ पुसट का आहे यालाही कारण आहे. तो विस्कटतोय. आकाशगंगेच्या भरतीच्या ओढीने त्याचे तारे पुढे-मागे दोन लांब शेपट्यांत ओघळलेत. स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणातून २००१ मध्ये त्या शेपट्या दिसल्या. आपण बघतो तो उरलेला भाग. तो पुसटपणा म्हणजे त्याची सध्याची खरी स्थिती आहे, आणि डोळ्याला ती तशीच जाणवते.

पेठेतला

हे पटलं. शेपट्यांचं माहीत नव्हतं. थंडीत आलो तर एक रात्र तुमच्याबरोबर बसायला आवडेल.

केळीबाग

या की! भरीत-पुरी माझ्याकडे.

सातमाळा

देवयानी दीर्घिकेतला जी १ कोणी बघितलाय का? दहा इंचीत जमतो म्हणतात. २५ लाख प्रकाशवर्षांवरचा गोलाकार गुच्छ, विचारानेच अंगावर काटा येतो.

निरभ्र

होतो. प्रत १३.७, त्यामुळे आठ इंचीत फार अवघड, दहाला चांगल्या रात्री. दीर्घिकेच्या गाभ्यापासून नैऋत्येला अडीच अंशांवर आहे, म्हणजे झगझगाटाच्या बाहेर, ही चांगली गोष्ट. सविस्तर नकाशा लागतोच, त्याशिवाय शोधू नका. दोन फिकट तारे त्याला चिकटून आहेत, आपल्याच आकाशगंगेतले. तिघांचा छोटा घट्ट त्रिकोण होतो. २०० पटीच्या खाली तिन्ही मिळून एकच फुगीर तारा दिसतो. २५० ला गेलं की त्रिकोणाचा अंदाज येतो. आकार-बिकार काही दिसत नाही, ताऱ्यासारखाच. पण तो तारा नाही.

माझ्या मते त्याच्याइतकाच मोलाचा आणि आपल्या अक्षांशाचा फायदा करून देणारा म्हणजे एनजीसी १०४९. फोर्नॅक्समधल्या बटू दीर्घिकेचा गुच्छ, साडेचार लाख प्रकाशवर्षांच्याही पलीकडे. जॉन हर्शेलने तो १८३५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून नोंदवला. ज्या दीर्घिकेत तो आहे ती सापडली १९३८ मध्ये, शॅप्लींना. शंभर वर्षं दागिना माहीत होता आणि गळा माहीत नव्हता. दीर्घिका स्वतः इतकी विरळ आहे की आपल्या दुर्बिणीत तिचा मागमूस नाही, आणि तिचा गुच्छ दिसतो! क्रांती उणे ३४, आपल्याकडे ३५ अंश उंच येतो. लंडनहून तो क्षितिजाला जेमतेम शिवतो. प्रत १२.६ च्या आसपास, लहान आणि दाट, त्यामुळे विशालन बिनधास्त वाढवा.

वाचनमात्र

मग कार्तिक अमावास्येला सगळे एकत्र का जमत नाही? आठ इंची माझ्याकडेही पडून आहे.

तापीकाठ

जमूया. अमावास्या नोव्हेंबरच्या शेवटी आली असं धरून क्रम लावलाय, वेळा तोरणमाळच्या हिशेबाने.

अंधार पूर्ण व्हायला सात वाजतात. साडेसातला एनजीसी ७००६, तो पश्चिमेकडे कलायला लागलेला असेल पण अजून ५०-५५ अंश वर. गॅमा ताऱ्यावर घड्याळ लावून बसायचं, सातमाळांनी. त्याच वेळी बाकीच्यांनी कुंभेतला एनजीसी ७४९२ बघावा, तो बरोबर दक्षिणेला असतो, अतिशय विरळ, पालोमार ५ ची तयारी म्हणून चांगला. पावणेनऊला जी १ माथ्याजवळ. डॉबला माथ्याजवळ फिरवणं कठीण जातं, म्हणून आठलाच सुरुवात केलेली बरी. मग जेवण. जेवताना टॉर्च लाल कागद लावूनच, आणि फोन खिशात. अकराच्या थोडं आधी एनजीसी १०४९ दक्षिणेला सर्वात उंच. दीड वाजता शशकातला एम ७९, तेजस्वी आहे, डोळ्यांना विश्रांती म्हणून. त्यानंतर एनजीसी २४१९ वर चढत जातो, दोनपासून पहाटेपर्यंत कधीही.

निरभ्र, तुमची बारा इंची जी १ साठी लागेल. केळीबाग दादा, भरीत तुम्ही वर घेऊन येणार का आम्ही शहाद्याला थांबून चुलीची व्यवस्था बघू?

केळीबाग

भरीत भाजूनच आणतो, कळण्याच्या भाकरी पण. मुक्कामाचं कोणीतरी आधी बोलून ठेवा, तिथे रात्री थंडी जबरी असते. आणि मला त्या दिवशी फक्त एकच दाखवा, तो १०४९.